चार बोटांचा उतार

मी लॉन बोल्स खेळतो असं सांगितलं की नातेवाईक माझ्या खांद्याकडे बघतात. त्रेसष्टाव्या वर्षी हा माणूस धावत येऊन बॉलिंग करतो, असं त्यांना वाटतं. मग समजावून सांगावं लागतं. गवताची एक लांब पट्टी असते. तिच्यावर आधी एक छोटा पांढरा चेंडू घरंगळत सोडायचा. मग सोललेल्या नारळाएवढे गोटे त्याच्या दिशेने सोडायचे. ज्याचा गोटा चेंडूच्या सर्वांत जवळ, त्याला गुण. "एवढंच?" असं विचारतात. एवढंच. फक्त गोट्याची घडण अशी असते की वेग मंदावला की तो एका अंगाला वळतो. तेवढ्या वळणात माझी अकरा वर्षं गेली.

अमरावतीतला आमचा क्लब नऊ जणांचा. पन्नाशीच्या आतला एकही नाही. एका शिक्षणसंस्थेने मैदानाचा कोपरा दिला आहे आणि तो काळ्या मातीचा आहे. या मातीवर गवत वाढवता येतं, पण तिला सपाट राहायला सांगता येत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात फाटते. एकदा ऐन सामन्यात पांढरा चेंडू भेगेत गेला आणि दिसेनासाच झाला. अकोल्याहून आलेला कर्णधार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हे मैदान हाय का वावर?"

"वावरच हाय," आमचा माणूस म्हणाला. "तुमी पेरायले आले का खेळायले?"

हा आमचा माणूस म्हणजे माझा जोडीदार. शहराच्या कडेला त्याचा मळा होता. वांगी, कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. संस्थेने त्याला गवत राखायला म्हणून बोलावलं होतं. वर्षभर त्याने आम्हाला खेळताना पाहिलं आणि एक दिवस, "मले द्या इकडं, पाहवत नाही," असं म्हणून माझ्या हातातला गोटा घेतला. त्यानंतर दुहेरीत तो आणि मी कायम एकत्र खेळलो. आधी मी टाकायचं आणि मागून त्याने माझ्या चुका निस्तरायच्या, अशी वाटणी. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो म्हणून तो मला 'लायब्ररी' म्हणायचा.

आमच्या मैदानाला कडुलिंबापासून पलीकडच्या कुंपणापर्यंत चार बोटांचा उतार आहे. तो त्यानेच शोधला. काढता येईना, तेव्हा त्याने तो खेळात घेतला. "लायब्ररी, तुमी वाचून वाचून टाकून राह्यले. वाचू नका. कडुलिंबाच्या बुडाकडं सोडा, बिनधास्त बाहेर. जमीन आनते त्याले घरी." आणि जमीन खरंच आणायची. गोटा दोन हात बाहेर जायचा, क्षणभर घुटमळायचा आणि बोलावल्यासारखा आत यायचा. पाहुण्या संघांना हे जमायचं नाही. घरच्या मैदानावर आम्ही क्वचितच हरलो. बाहेर क्वचितच जिंकलो, पण त्याचं खापर आम्ही प्रवासावर, उन्हावर, क्वचित पोह्यांवर फोडत असू.

गेल्या दिवाळीनंतर तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत संपलं. मी दीड महिना मैदानावर गेलो नाही. वाचायला बसायचो आणि तेच पान तीनदा वाचायचो.

एक दिवस निरोप आला म्हणून गेलो, तर वहिनी, म्हणजे त्याची बायको, पिशवी घेऊन उभ्या होत्या. पिशवीत त्याचे चार गोटे. "भाऊजी, हे ठेवून घ्या तुमी. मी लोनच्याच्या बरनीवर वजन म्हनून ठेवले होते, तं नातू म्हनते आजी, बॉम्ब हाय."

आमचे अध्यक्ष निवृत्त पशुवैद्य आहेत आणि कोणालाही रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. "एक टाकून तं पाहा, वहिनी."

"कुठं टाकू?"

"त्या पांढऱ्याजवळ."

त्यांनी पदर खोचला आणि वाकून गोटा टाकला. वीतभर अंतरावर थांबला. "झालं? जाऊ मी?"

त्या गेल्या नाहीत. आता आठवड्यातून तीन दिवस भाजी बाजारात पोचवून येतात. त्यांची पद्धत साधी आहे. पहिला गोटा कसा वळतो ते बघायचं, दुसरा त्याप्रमाणे टाकायचा. रोपांच्या ओळी धरणाऱ्या हाताला आणखी काही शिकवावं लागत नाही. आम्ही अकरा वर्षं जे डोक्यात भरलं, ते त्या दर वेळी नव्याने बघून घेतात.

याच सुमारास संस्थेने विचारलं की मैदान सपाट करून कृत्रिम कार्पेट अंथरू का. राज्य निवडीच्या स्पर्धा हल्ली कार्पेटवर होतात. अकोल्याच्या क्लबाने तर कधीच घातलं. वहिनींना कोणी विचारलं नाही, आमच्यातल्या बाकी सगळ्यांना ते हवं होतं. मला नको होतं. ते गवत त्याने राखलेलं, त्या भेगा त्याने पहाटे पाणी देऊन बुजवलेल्या. कोणी वाद घातला नाही. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "तुम्ही म्हणाल तेव्हा पत्र देऊ." सात माणसं माझ्या एका होकारासाठी थांबली आणि ते मला विरोधापेक्षा जड गेलं.

मी वेळ मागून घेतला. आधी अकोल्याचा सामना होऊ द्या, मग बघू. मनात एक गणित होतं, ते कोणाला सांगितलं नाही. त्यांच्याच कार्पेटवर त्यांना हरवायचं. मग सांगता येईल की खेळ गवतावर शिकलेला असला तरी चालतो, कार्पेटची गरज नाही.

अकोल्यात मी आणि वहिनी दुहेरीत होतो. आता निस्तरण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. समोर अकोल्याची जोडी, त्यांतली शेवटचे गोटे टाकणारी बी.कॉम.ची मुलगी, वेणी घट्ट बांधलेली, निवड चाचणीची तयारी करणारी. कार्पेट हिरवंगार, एकसारखं आणि दिसायला अगदी बिनचूक. वहिनींचा पहिला गोटा चुकला. दुसऱ्यापासून त्या रुळल्या. माझे मात्र बाहेर जात राहिले. दोन-चार नशिबाने लागले, बाकीची बाजू वहिनींनी सांभाळली. शेवटच्या फेरीला गुण बरोबरीत होते.

त्या फेरीत मुलीचा गोटा चेंडूपासून हातभर होता. माझा एक उरला होता. वहिनी चेंडूपाशी उभ्या होत्या. "भाऊजी, आतून टाका. आतून."

मी ऐकलं. मला पटलंही. पण हात माझा नव्हता. तो सवयीने बाहेर गेला. गोटा फार देखणा निघाला. दोन हात बाहेर गेला, थोडासा वळला. मी जमिनीची वाट बघत राहिलो. जमीन काही आली नाही. गोटा हद्द ओलांडून शेजारच्या पट्टीवर गेला. तिथे खेळणाऱ्या गृहस्थांनी पाय वर उचलून त्याला वाट दिली. "घ्या, पाहुने आले," ते म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

नंतर चहा घेताना ती मुलगी माझ्याजवळ आली. "काका, रागावू नका, पन एक विचारू? टाकायच्या आधी तुमी दरवेळेस तिकडं काहून पाहून राह्यले होते? तिकडं तं काहीच नाही."

"आमच्याकडे तिथे कडुलिंब आहे," मी म्हणालो.

तिने अदबीने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हनूनच. आमाले तुमच्या मैदानावर खेळता येत नाही, अन् तुमाले बाकी कुठंच येत नाही." ती खोचक बोलली नव्हती. परीक्षेतलं उत्तर सांगावं तसं सांगून तिने बिस्कीट चहात बुडवलं.

दरवर्षी आमच्याकडेही दोन-तीन कॉलेजच्या मुली शिकायला येतात. महिनाभर छान खेळतात, पहिल्या चाचणीला बाहेरगावी जातात, हरतात आणि परत येत नाहीत. आम्ही म्हणायचो, आजकाल चिकाटी नाही. अकोल्याचा तो चहा पिताना मला पहिल्यांदा त्या मुलींची बाजू दिसली. आम्ही त्यांना खेळ शिकवला नव्हता. आमचं मैदान शिकवलं होतं.

परतताना मूर्तिजापूरला गाडी भज्यांसाठी थांबली. अध्यक्ष मिरच्या निवडत होते. मी म्हटलं, "पत्र देऊन टाका. कार्पेट घालू द्या."

त्यांनी मिरची खाली ठेवली. "नक्की?"

"नक्की. उन्हाळ्याआधी काम होऊ द्या. मग मुलींना बोलावता येईल."

मी वहिनींकडे बघायचं टाळलं. गवत त्यांच्याही घरचं होतं आणि त्यांना न विचारताच मी होकार दिला होता. त्या मात्र कागदावरचं उरलेलं भजं चटणीत फिरवत होत्या.

"वहिनी, तुम्हाला चालेल ना?" मी विचारलं.

"मले काय," त्या म्हणाल्या. "ते असते तं भांडले असते. चार दिवस जेवले नसते, तुमच्याशी बोलले नसते. अन् पाचव्या दिवशी पहाटेच जाऊन, चप्पल काढून, त्या कार्पेटवर चालून पाह्यलं असतं, कुठं खाली-वर हाय का म्हनून."

"आणि सापडलं असतं?"

"सापडल्याबिगर घरी आले असते का?" त्या म्हणाल्या आणि आणखी एक प्लेट मागवली.