राखणदाराचा मारेकरी

आपटबारला पडायला त्याच्या बापाने शिकवलं. बाप गोदामात पोती वाहायचा, संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायचा आणि पोराला बडवायचा. कारण लागायचंच असं नाही. सातव्या-आठव्या वर्षी पोराच्या ध्यानात आलं, की बापाचा हात लागायच्या जरा आधीच धाडकन पडलं, पडताना भिंतीवर पाय आपटून मोठा आवाज काढला आणि मग अजिबात हललं नाही, तर म्हाताऱ्याचं समाधान लवकर होतं. धाकटी बहीण दाराआडून बघून रडायची. बापाची पाठ वळली की हा जमिनीवरूनच तिला डोळा मारायचा.

पुढे त्याने त्याचाच धंदा केला. खोट्या कुस्त्यांत पडला, नाटकात जिन्यावरून गडगडला आणि चोविसाव्या वर्षी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओत पडायला लागला. 'आपटबार' हे नाव तिथलंच. जमिनीवर आपटला की फट्कन आवाज येतो म्हणून.

गेममधली माणसं जी मारतात आणि मरतात, ते आधी कुणीतरी खऱ्या अंगाने केलेलं असतं, हे खेळणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नसतं. मोठी रिकामी खोली, चहूबाजूंनी कॅमेरे, खाली निळ्या गाद्या. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख आणि त्यावर सांध्यासांध्याला गोटीएवढे पांढरे गोळे. कॅमेरे त्या गोळ्यांची हालचाल टिपतात आणि मग तिच्यावर कुणा देखण्याचा चेहरा चढवतात. गोळे सुटले की पुन्हा शिवून द्यायचं काम वहिनी करतात. वहिनी म्हणजे आपटबारची बायको. सुई दातात धरून बोलायची सवय, त्यामुळे प्रेमाने बोलल्या तरी धमकी वाटते.

या पडणाऱ्यांचा एक नियम आहे. तिथे दिवसभर सगळेच किंचाळत असतात, म्हणून किंचाळण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. खरंच लागलं तर तळहाताने खाली दोन थापा मारायच्या. दोन थापा ऐकू आल्या की सगळं जागच्या जागी थांबलं पाहिजे, डायरेक्टर असो नाहीतर डायरेक्टरचा बाप.

त्या स्टुडिओचा सगळ्यात गाजलेला गेम म्हणजे 'राखणदार'. गालावर आडवा व्रण असलेला, डावा पाय किंचित ओढत चालणारा योद्धा. पोरांनी त्याची चाल गोंदवून घ्यायचीच बाकी ठेवली होती. ती चाल आपटबारची. नाटकाच्या जिन्यावर घोटा मोडला, तो नीट बसलाच नाही, त्या घोट्याची ती चाल. पहिला भाग त्याच्याच अंगावर घेतला, म्हणजे त्याच्याच हालचालींवरून टिपला, दुसराही. आणि तिसऱ्या भागासाठी एका सोमवारी तो राखणदार म्हणून मेला आणि बुधवारी मुखवटा चढवून त्यानेच राखणदाराला मारलं. दोन्ही दिवसांची हजेरी एकाच माणसाची.

शेहेचाळिसाव्या वर्षी मानेचा मणका सरकला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आणखी एक दणका बसला की डावा हात गेला म्हणून समजा." तेव्हा स्टुडिओत उस्तादाची जागा रिकामी होती. उस्तादाने नव्या पोरांना पडायला शिकवायचं, आपण पडायचं नाही. आपटबारला जगात फक्त ती जागा हवी होती. साहेबांनी, म्हणजे स्टुडिओच्या डायरेक्टरने, तीनदा कबूल केली आणि तीनदा विसरले. चौथ्यांदा म्हणाले, "मेळाव्यात स्टेजवर एकदा पड. शेवटचं. दुसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र तुझ्या हातात."

मी पडणाऱ्यांच्या संघटनेचं काम बघतो. मी आपटबारला म्हटलं, "आधी पत्र, मग पडणं."

"तुम्हाला ना, कार्यकर्ते, सगळीकडे लफडंच दिसतं," तो म्हणाला.

"दिसतं, कारण असतं."

"कार्यकर्ते बरोबर बोलतायत," वहिनी सुई काढून म्हणाल्या. "लेखी घ्या."

"अगं, बावीस वर्षं पडलो. अजून एकदा पडून काय मरतोय?"

मेळावा म्हणजे वर्षातून एकदा सगळ्या गेम कंपन्या एका छपराखाली येऊन नवे गेम जाहीर करतात तो. भर दुपारी तीन हजार माणसं त्या थंडगार हॉलमध्ये कोंबली होती. वहिनी आणि मी तिसऱ्या रांगेत. आजूबाजूला गालांवर लाल रंगाने व्रण काढलेले बाप्ये. चाळिशीचा एक टकलू तर पुठ्ठ्याची ढाल घेऊन आला होता आणि शेजारच्याला सांगत होता, "दहा वर्षं! दहा वर्षांत माझं लग्न झालं आणि मोडलं, पण तिसरा भाग आला नाही!"

बाकीच्या कंपन्यांचं कौतुक दोन-दोन टाळ्यांत आटपलं. मग अंधार झाला आणि राखणदाराचं संगीत वाजलं. पहिल्याच सुराला हॉल उभा राहिला. टकलू ढाल छातीशी धरून ढसाढसा रडायला लागला. एकाने शर्ट काढून फिरवला. पडद्यावर धुक्यातून डावा पाय ओढत तो आला, तेव्हा जी किंकाळी उठली तिने माझी खुर्ची थरथरली. वहिनी माझ्या कानात ओरडल्या, "आमचे हे आहेत ते!" बाईंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

मग मुखवटेवाला आला आणि त्याने चाळीस सेकंदांत राखणदाराला संपवला. गुडघा फोडला, केस धरून डोकं दगडावर आपटलं, तीनदा. वर पायाने उताणा केला. पडद्यावर अक्षरं उमटली: नवा गेम, नवा नायक. नायक कोण, तर हाच मुखवटेवाला.

हॉल गप्प झाला. मागून कुणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणालं, "हे काय?" आणि पाण्याची पहिली बाटली पडद्यावर फुटली.

"तोंडाला पानं पुसली रे आपल्या!"

"पाडा तो पडदा! ओढा खाली!"

खुर्च्या एकमेकींना खिळ्यांनी जोडलेल्या होत्या, तर अख्खी रांगच उपसायला लागले. अशा वेळी शहाणा माणूस दिवे लावतो आणि सगळ्यांना घरी पाठवतो. पण निवेदकाच्या हातात कागद होता आणि कागदावर पुढची ओळ लिहिली होती. त्याने ती हसत वाचली, "आणि आता भेटा त्याला, ज्याने राखणदाराला मारलं!"

आपटबार मुखवटा घालून स्टेजवर आला.

कार्यक्रम असा ठरला होता. प्रेक्षकांत आमच्यातलेच दोन पडणारे चाहते बनून बसणार, खुणेला स्टेजवर उडी मारून त्याला खोटं खोटं बडवणार, तो धाडकन पडणार, मग उठून नमस्कार. म्हणून पहारेकऱ्यांना सक्त ताकीद होती: प्रेक्षकांतून काही जण वर येतील, त्याला मारतील, तुम्ही मध्ये पडू नका, तो खेळ आहे. आता ते दोघे राहिले पाचव्या रांगेत चेंगरत, आणि वर चढले दहा-बारा खरे.

पहिल्याने ठोसा मारला. आपटबार लागायच्या आधीच पडला, फट्कन, पाहून घ्यावं असा. पहारेकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शपथेवर सांगतो, वाजवल्या. एक दुसऱ्याला म्हणाला, "काय पडतोय बघ!" मग दुसऱ्याने लाथ घातली बरगडीत, तिसऱ्याने कॅमेऱ्याच्या स्टँडचा लोखंडी पाय उचलून पाठीत हाणला. जितकं लागत होतं तितकं ते खोटं दिसत होतं. बावीस वर्षांची सवय असलेला माणूस पडतो तसाच पडणार, त्याला दुसरं पडणं येतच नाही. समोर शेकडो फोन वर धरलेले. निवेदक माइकवर म्हणतोय, "वा, वा!"

तेवढ्यात आपटबारने लाकडी स्टेजवर तळहात आपटला. दोनदा.

त्या गदारोळात मला ऐकू आलं नाही. वहिनींना दिसलं. "थांबवा! खरंय ते!" म्हणत त्या खुर्च्यांवरून निघाल्या, माणसांच्या खांद्यांवर पाय देत. मी मागे. मी काही संत नाही. वाटेत जो आला त्याला कोपर दिलं, टकलूची ढाल हिसकावून त्याच्याच डोक्यात घातली आणि स्टेजवर चढल्यावर एकाचं नाक माझ्या कपाळाने फोडलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

वहिनींच्या हातात शिवणाची कात्री होती. त्या ओरडत होत्या, "अरे मुडद्यांनो, तोच आहे तुमचा राखणदार! त्यालाच मारताय!" कुणी ऐकत नव्हतं. आपटबार कसाबसा उठला होता, मुखवटा अर्धा फाटून लोंबत होता, आणि तो पडद्यामागे जायला निघाला. डावा पाय ओढत.

लोखंडी पाय घेतलेला, गालावर व्रण रंगवलेला तो गडी थबकला. मी जवळ होतो, त्याचे डोळे मी पाहिले. ही चाल त्याने हजारो तास पाहिली होती, तो तिच्यासारखा चालून आरशात बघत असणार. त्याचा हात खाली आला. "अरे... हा..." एवढंच म्हणाला.

त्याच्या मागच्याने तो लोखंडी पाय त्याच्या हातातून घेतला आणि आपटबारच्या मानेवर घातला.

या वेळी आपटबार आधी पडला नाही. लागल्यावर पडला. आवाज वेगळाच आला, आणि तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. वहिनींनी मारणाऱ्याच्या हातात कात्री खुपसली, ती मुठीपर्यंत गेली. पहारेकरी तेव्हा धावले. कुणावर? वहिनींवर.

तीन बरगड्या, जबडा, आणि डॉक्टर म्हणाले होते तसा डावा हात. बोटं हलायची, पण हात खांद्याच्या वर जायचा नाही. दुसऱ्या दिवशी पत्र आलंच नाही. दहा दिवसांनी साहेबांचा फोन आला, "बघ, उस्तादाला पडून दाखवता आलं पाहिजे ना. आता तुझी तब्येत... तू समजूतदार आहेस." कंपनीने बाहेर पत्रक काढलं, त्यात या सगळ्याला 'चाहत्यांच्या उत्कट भावना' म्हटलं होतं. मी ते पत्रक चावून थुंकलो. खरंच चावलं.

पण त्या उत्कट भावनांना कंपनी टरकली होती. महिन्याभरात जाहीर केलं, की राखणदार मरणार नाही, तोच नायक राहील. म्हणजे सगळ्या मारामाऱ्या नव्याने अंगावर घ्यायच्या, तेही दोन महिन्यांत. चौदाच्या चौदा पडणारे बोलावले. आणि ती चाल दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून साहेबांनी आपटबारला निरोप धाडला, "पडायचं नाही रे, फक्त चालायचंय."

"जाऊ का?" त्याने मला विचारलं. जबडा बांधलेला, तारेतून बोलल्यासारखा आवाज.

"जा," मी म्हटलं. "चाल, आणि मग तुला जे उत्तम येतं ते कर."

सकाळी दहाला दिवे लागले. वहिनींनी पोशाखावर गोळे शिवून दिले होते, लोंबत्या हातावरही. आपटबार गाद्यांच्या मधोमध चालत आला आणि आडवा झाला. त्याच्या मागोमाग बाकीचे तेरा जण, काही उताणे, काही पालथे, जिथे होते तिथे धडाधड पडले. आणि पडले ते उठलेच नाहीत.

"कट!" साहेब म्हणाले. "झालं, उठा." कुणी उठेना. "अरे काय तमाशा लावलाय?"

मी दारात उभा होतो. म्हटलं, "साहेब, मेलेत ते. मेलेला माणूस पत्र मिळाल्याशिवाय उठत नाही."

पहारेकरी बोलावले. त्यांनी ओढायला सुरुवात केली. एकाला पाय धरून दारापर्यंत नेला, डोकं उंबऱ्यावर आपटलं, कपाळ फुटलं. तो लोळत परत गाद्यांवर आला, निळ्या गादीवर रक्ताचा पट्टा उमटला आणि तो पुन्हा मेला. दुसऱ्याच्या बरगडीत बुटाची टाच घातली. त्याने हूं की चूं केलं नाही. अंग सैल सोडून कसं जड व्हायचं हे ज्यांना येतं, त्यांना उचलायला माणशी चार लागतात, आणि पहारेकरी होते सहा. मी एकाला पाठीमागून धरला तर त्याने माझा दात पाडला. दीड वाजेपर्यंत हेच चाललं. आपटबारला मात्र कुणी हात लावला नाही, कारण त्याच्या उशाशी वहिनी बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर नवी कात्री होती.

पावणेदोनला साहेब पत्र घेऊन आले. उभ्या उभ्या हात लांब केला. आपटबार छताकडे बघत राहिला. मग साहेब वाकले. तरी पुरेना. शेवटी पॅन्ट वर ओढून त्या रक्ताळलेल्या गादीवर गुडघे टेकले आणि कागद त्याच्या तोंडासमोर धरला.

"उस्तादाची जागा. सही कर आणि उठ बाबा."

कागद वहिनींनी घेतला. बोट फिरवत हळूहळू वाचला.

"यात 'तात्पुरती' लिहिलंय."

"अहो, ते तसंच लिहितात—"

"खोडा."

साहेबांनी गुडघ्यांवरच खिसे चाचपले. पेन नव्हतं. मी माझं दिलं. त्यांनी खोडलं, शेजारी सही केली आणि मग आपटबारने उजव्या हाताने, पडल्या पडल्या, आपली केली. एकेक जण अंग झाडत उठला. आपटबारला उठवायला मात्र दोघे लागले.