दोनशे वर्षांचा चुलता

माझ्या चुलत्याचं वय मी दोनशे वर्षं करून टाकलं. हे घरात अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. आता पन्नाशी उलटल्यावर लिहून टाकतो.

चुलता तरुणपणीच गेला. आमच्याकडे महाळुंगे पडवळला घरातलं माणूस गेलं की सोनाराकडून त्याचा टाक करून घेतात. बोटभर रुंदीचा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली आकृती. तो देव्हाऱ्यात बसवला की गेलेलं माणूस घरच्या देवांत धरतात. चुलत्यानं जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती, पण टाकावर तो घोड्यावर बसला होता. पुरुषाला घोडा द्यायचा, असा आमच्या सोनाराचा रिवाज.

इतरांच्या घरी टाक सणावारी घासतात. काकी रोज घासायची. तीसेक वर्षांत घोडा तेवढा राहिला, स्वाराचं तोंड सपाट झालं. टाक असा झिजला की सोनार तो मोडून नवा करतो. म्हणून एक दिवस तिनं तो माझ्या हातात दिला.

"जुन्नरला चाललायस तर सोनाराकडं दे. तोंड तेवढं नवं करून आण."

मी घोडेगावला शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. मुंबईच्या एका मोठ्या कलासंग्रहालयातले साहेब तेव्हा आमच्या भागात जुन्या वस्तू गोळा करत फिरत होते. मी त्यांना टाक दाखवला. त्या पुसलेल्या तोंडाकडे ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वा! किती जुना असेल?"

जीभ घसरली असं मी म्हणणार नाही. विचार करूनच बोललो, "दोनशे वर्षांचा तरी असेल."

टाक त्यांना भेट देऊन टाकला. मुंबईच्या भिंतीवर आपलं नाव लागावं, एवढीच हाव होती. काकीला सांगितलं, "चुलत्याला मुंबईच्या मोठ्या जागी बसवलंय. तिथं रोज दिवा लागतो." ती गावभर सांगत फिरली, "आमचं मालक मुंबईला असत्यात."

पुढं ते संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद झालं आणि वर्षानुवर्षं बंदच राहिलं. दर अमावास्येला काकी विचारायची, "उघडलं का रं? दिवा कोण लावतंय मग?" मी म्हणायचो, "लावतात गं." हळूहळू मला तिचा राग यायला लागला. खोटं मी बोललो होतो आणि राग तिच्यावर काढत होतो.

अखेर उघडण्याच्या समारंभाचं निमंत्रण आलं. वस्तू देणाऱ्यांना खास बोलावलं होतं. मी गुपचूप जाणार होतो, पण बायकोनं काकीला सांगून टाकलं. एस.टी.च्या वेळेला काकी नवं लुगडं नेसून फाट्यावर उभी. हातात पुरणपोळीचा डबा.

संग्रहालयाच्या दारात तिनं चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, "आजी, चपला घाला, देऊळ नाही हे." डबाही ठेवून घेतला आणि त्याच्या बदल्यात हातात प्लास्टिकचा बिल्ला दिला. ताज्या रंगाचा वास, काचेसारखी फरशी, सगळीकडे गार हवा. काकी पदर घट्ट धरून अनवाणीच चालत राहिली. मी चार पावलं पुढं चाललो. मुद्दाम.

टाक तिनं माझ्या आधी ओळखला. काचेच्या पेटीत, काळ्या मखमलीवर, वरून दिवा सोडलेला. खाली पाटी: अज्ञात वीर, अंदाजे दोनशे वर्षांपूर्वीचा. त्याखाली माझं नाव. काकीला वाचता येत नव्हतं. वरचा दिवा बघून तिनं हात जोडले, आणि मग काचेला हात लावला.

संग्रहालयातल्या एक बाई पाहुण्यांना घेऊन तिथंच आल्या. "आजी, काचेला हात नको."

"माझा मालक हाय ह्यो," काकी म्हणाली.

बाई हसल्या. "अहो, हा दोनशे वर्षांचा आहे."

"मग मी किती वर्सांची?" काकी म्हणाली, आणि सगळेच हसले. तीही हसली. मग तिनं मला हाक मारली. "आरं, तू सांग की ह्यास्नी. तूच आणलास नव्हं?"

बाईंनी विचारलं, "सर, या तुमच्या कोण?"

एक शब्द पुरला असता. पण चुलती म्हटलं असतं, तर दोनशे वर्षं तिथंच कोसळली असती.

"गावाकडच्या आहेत," मी म्हणालो. "वय झालंय, डोक्यावर परिणाम आहे थोडा. येताना मागं लागल्या."

काकीनं ते ऐकलं. ऐकू तिला चांगलं यायचं. पहारेकऱ्यानं दंडाला धरून तिला दाराबाहेरच्या बाकड्यावर नेऊन बसवलं. मी भाषणं ऐकली, फोटोला उभा राहिलो, चहा प्यालो. तासाभरानं बाहेर आलो, तर ती बिल्ला मुठीत धरून तिथंच बसलेली.

परतीच्या एस.टी.त तिनं परत मिळालेला डबा उघडला नाही. नारायणगाव जवळ आल्यावर एकच विचारलं. "मी घासून घासून तोंड घालवलं, म्हणून त्यास्नी वळख पटंना, व्हय?"

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर ती चार वर्षं जगली. त्या दिवसाबद्दल ना मला बोलली, ना घरात कुणाला. मी सुटलो असं मला वाटत होतं. शेवटच्या आजारात सगळे भोवती बसले असताना माझी चुलत बहीण रडत म्हणाली, "आई, तुझा टाक चांगला जाड चांदीचा करू गं."

काकीनं मान हलवली. "माजा करू नगा."

"असं का म्हणतीस?"

तिनं सरळ माझ्याकडं बघितलं. "मास्तर त्यो बी कुणाला तरी देऊन यील."

आजाऱ्याची थट्टा समजून सगळे हसले. मीही हसलो.

तिचा टाक आम्ही केला नाही.