पांढऱ्या कागदावरची धावपळ

आज कुंडीतल्या मिरचीचं पान द्रोणासारखं वर वळलेलं दिसलं आणि हात आपसूक पांढरा कागद शोधू लागला. क्षणात मी कडावला, सासरच्या परसात होते, लग्नाला जेमतेम तीन महिने झालेली.

सासूबाईंच्या मिरच्यांवर बोकड्या पडला होता. पानं आखडलेली, शेंडे चुरगळलेले. दृष्ट काढून झाली, तरी फरक नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या; माझी पाळी नुकतीच होऊन गेली होती. "लांब बसली होतीस तवा रोपांना शिवलीस ना गं?"

"शिवले," मी फटकन म्हणाले, "पण माझ्यामुळं नाय झालं हे!"

रागारागात सासऱ्यांचं पेपर वाचायचं भिंग आणलं. एका शेंड्याखाली कागद धरला आणि टिचकी मारली. कागदावर पिवळट, सुताच्या तुकड्यांसारखे बारीक किडे सैरावैरा पळायला लागले!

"आई, बघा, फुलकिडे! हे रस शोषतात, म्हणून पान वळतं!" मी अक्षरशः नाचत होते.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "अगं बाय, ही तर धावतायत!" मग टिचक्या मारत आम्ही दोघी परसभर फिरलो. हाताला मिरचीच्या पाल्याचा हिरवा, उग्र वास येत होता.

तेव्हा वाटलं, मी जिंकले. आज कळतं, अवघड काम माझं नव्हतंच.

पुढच्या महिन्यात मी लांब बसले, तेव्हा सासूबाईंनी भरलेली कळशी माझ्यापुढं आणून ठेवली. "मिरच्यांना तूच पाणी घाल. माझं गुडघं दुखतायत."

त्यांचे गुडघे ठणठणीत होते.