आमच्या घरमालकांचा फॉरवर्ड

अख्ख्या जयपुरात फुटबॉलचं खरं वेड एकाच माणसाला आहे आणि त्याने आजवर एकही सामना पाहिलेला नाही. हे आमचे मालवीय नगरातले घरमालक. मूळचे साताऱ्याचे, इथल्या कॉलेजात जन्मभर पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा जीव जडलाय तो शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज फॉरवर्डवर. त्याच्या सामन्यांच्या तेव्हाच्या पेपरातल्या बातम्या काकांनी छापून आणल्या, एकेक पाकिटात घातल्या आणि वर उघडायच्या तारखा टाकल्या. शनिवारी सकाळी एकच पाकीट उघडायचं, पुढचं चोरून बघायचं नाही. सहा वर्षं हे असं चाललं होतं.

फॉरवर्डने गोल केला की वर माझ्याकडे शिरा यायचा. संघ हरला की नळाला पाणी का नाही, हेही विचारायची सोय नसायची. तो लंगडला की काका आठवडाभर लंगडत जिना चढायचे. भाजीवालीची तर समजूत, की यांचा मुलगाच विलायतेत खेळतो. तिला खरं सांगून टाका म्हटलं, तर म्हणाले, "अरे, पोराचं वय सांगितलं तर भोवळ येईल तिला."

मला कुठला एवढा धीर? ऑफिसात बसून मोबाईलवर मी त्याची सगळी कारकीर्द वाचून काढली आणि पस्तावलो. येत्या शनिवारच्या सामन्यात त्याचा गुडघा कायमचा जाणार होता. हे काकांना कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. शनिवारी प्याज कचोरी घेऊन सकाळीच खाली गेलो. नाश्त्याच्या गडबडीत पाकीट लंपास करायचा बेत होता. पाकिटांच्या डब्यात ते एकच पाकीट उरलेलं होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

काकांनी माझा हात धरला. "ठेव ते. तू वाचलंयस ना? मीही वाचलंय. पाकिटं भरताना आधी शेवटच वाचला मी. मतलब, म्हणून तर एवढा पुरवून पुरवून खेळवला त्याला."

मग त्यांनी पाकीट फोडलं, सगळी बातमी मोठ्याने वाचली आणि बराच वेळ चष्मा पुसला. या विक्षिप्त माणसावर आपली किती माया आहे, ते मला तेव्हा कळलं.

इतक्यात फाटकाशी भाजीवाली आली. "बाबूजी, लड़का खेला क्या?"

काका फाटकाशी जाऊन खाली मान घालून तिच्याकडची कोथिंबीर निवडत राहिले.

"खेला," मी म्हणालो. "एक गोल भी मारा."

दुपारी माझ्याकडे शिरा आला.