खडूची रेघ

पत्नी गेल्यापासून मी रोज सकाळी हुगळीच्या घाटावर जाऊन बसतो. तिथे पन्नाशीचा एक बंगाली गृहस्थ कुंग फूच्या लाथेसाठी पाय ताणत असे. कठड्यावर टाच ठेवून तो कपाळ गुडघ्याला टेकवी, मग भिंतीवर लाथ मारून पाय पोचला तिथे खडूने रेघ ओढी. स्नायूंचा आजार आहे, असं त्यानेच सांगितलं होतं. रेघ महिन्यागणिक खाली येत होती.

काल त्याला वाकवेना, म्हणून त्याने खडू माझ्या हाती दिला. पाय जेमतेम गुडघ्याएवढा उचलला गेला. मी रेघ चार बोटं वर ओढली.

“दादा, झूठ क्यों लिखता है?” तो हसला. “वो काम तो डॉक्टर करता है। हमको मालूम होना चाहिए, कितना बचा है।”

मी रेघ पुसून खाली ओढली. शेवटच्या आजारपणात पत्नीनेही ‘किती उरलंय?’ असं विचारलं होतं, तेव्हा मी तिला उन्हाळ्यातल्या पुण्याच्या गाडीची दोन तिकिटं काढून दाखवली होती.