डावीकडचं पॅनल

आमच्या ह्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणत. खरं नाव पोस्टमनलासुद्धा आठवायचं नाही. ‘कानवाल्यांचं दुकान कुठं?’ असं विचारत लोक गाड्या घेऊन यायचे, आणि हे शर्टाच्या खिशात बॅटरीचा एक सेल ठेवून, चष्मा कपाळावर चढवून दारात उभे असायचे. त्याच पत्र्याच्या शेडच्या दुसऱ्या अर्ध्यात मी बसते. गाड्यांच्या सीटा, दारांची आतली कव्हरं, चामडं, रेक्झिन, जे शिवायचं ते माझं. जे वाजायचं ते ह्यांचं. मधे एक पडदा. सत्तावीस वर्षांत तो कधी पूर्ण ओढलेला मला आठवत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या शिलाई मशीनचा आवाज ऐकून म्हणाले, “बेअरिंग चाललंय हिचं.” मी म्हटलं, माझ्या मशीनला नावं ठेवायची नाहीत. आठ दिवसांत बेअरिंग गेलं. मी तोंड वेडंवाकडं केलं, त्यांनी गुपचूप नवं आणून बसवलं. असा माणूस. मामाच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात शिकला, शाळेत फारसा रमला नाही, पण गाडीत बसून डोळे मिटले की कुठल्या दारातला कुठला स्क्रू थरथरतोय ते सांगायचा. त्या कानांचा मला गर्व होता, आता सांगायला काय लाजायचं!

आणि त्यांना माझ्या जिभेचा भरवसा होता. मी ‘झालं’ म्हटलं म्हणजे झालं. मी ‘कुलूप लावलं’ म्हटलं, की हे कधी मागे वळून कुलूप ओढून बघणार नाहीत. मैत्रिणी सांगायच्या, आमचे हे तीनतीनदा गॅस तपासतात. मी नाक वर करून म्हणायचे, आमच्याकडे तसलं काही नाही.

मग कान जायला लागले. आधी लेकीचा फोन आला की ती चिडायची, “बाबा, आत्ताच सांगितलं ना!” मग दुकानाची बेल वाजली तरी हे मान वर करेनात. मी धरूनच नेलं कानाच्या डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासलं, कागदावर एक रेघ काढली. ती उजवीकडे घसरत खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, उंच आवाज आधी जातात, शिट्टी, चिमणी, बेल. ढोलासारखे खालचे आवाज बरीच वर्षं राहतील. कानात यंत्र घाला.

बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, “बेस राहील म्हणाले.”

“आणि यंत्र?”

“कानात यंत्र घातलेल्या कानवाल्याकडे कोण गाडी आणेल, सांग.”

मी रिक्षाला हात केला. बेस राहिला तर दुकान राहील, असं त्यांनी मनाशी धरलं, आणि मीही धरलं. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. दोन वर्षं ते तसं निभावलंही. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हे त्याच्या ओठांकडे बघायचे, आणि मी पडद्याआडून मुद्दाम मोठ्यांदा म्हणायचे, “अहो, ते विचारतायत की शनिवारी होईल का?”

अशात दातांचे डॉक्टर आले. आमचं जुनं गिऱ्हाईक, अख्ख्या घरादाराच्या दाढा त्यांनीच काढलेल्या. दवाखाना पुतणीच्या हवाली करून निवृत्त झाले होते आणि स्वतःला एक गाडी घेतली होती. दोन सीटची, निळी, वरचं कापडी छप्पर बटण दाबलं की मागे घडी होऊन बसणारी. एवढे वयस्कर गृहस्थ त्या गाडीतून उतरताना आधी एक पाय, मग दुसरा, मग उरलेले डॉक्टर असे हप्त्याहप्त्याने बाहेर यायचे. पण चेहरा काय फुललेला!

“कानवाले,” ते म्हणाले, “छप्पर उघडलं की गाण्यातला जीवच जातो. नुसती चिरचिर उरते. बेस पाहिजे मला. छातीत वाजला पाहिजे.”

ह्यांनी ते बरोबर ऐकलं. डॉक्टर गेल्यावर मला समजावत बसले. बंद गाडीत आवाज कोंडतो, म्हणून दणका मिळतो. उघड्या गाडीत तो वरून निघून जातो, वर रस्त्याचा आणि वाऱ्याचा गोंगाट त्याला गिळतो. छप्पर नसलेल्या खोलीत ऊब टिकवायची तसं हे काम. कितीतरी वर्षांनी असे बोलत होते. मी सुई हातात धरून ऐकत राहिले.

त्यांनी दारांच्या पत्र्याला आतून काळे जाड पट्टे चिकटवले, म्हणजे पत्रा खुळखुळायला नको. दारातली भोकं बुजवली. आणि सीटांच्या मागे, जिथं जेमतेम एक पिशवी मावते, तिथं दोन वूफर, म्हणजे नुसत्या बेसचे मोठे स्पीकर, बसवायचे ठरवलं, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक वूफर लाकडाच्या एकेका फळीवर, फळीवर माझं चामडं, आणि ती फळी डिंकाने आणि स्क्रूने सीटांमागच्या भिंतीत पक्की. अॅम्प्लिफायरही त्याच भिंतीच्या मागे, कारण जागाच नव्हती. म्हणजे एकदा बंद केलं की चामडं फाडल्याशिवाय उघडायची सोय नाही.

बंद करण्याआधी ह्यांचा एक नेम असायचा. खिशातला सेल काढायचा, स्पीकरच्या दोन वायरींना टेकवायचा. स्पीकरचा कागदी पडदा उडी मारतो. बाहेर उडाला तर वायर बरोबर, आत गेला तर उलटी. दोन वूफरमधला एक बाहेर ढकलतो आणि दुसरा त्याच वेळी आत ओढतो असं झालं, तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधे बसलेल्याला बेस म्हणून काही मिळत नाही. जवळ हात धरला तर प्रत्येक जण मजेत धडधडतोय, आणि सीटवर शुकशुकाट. म्हणून हे प्रत्येक वेळी सेल लावायचे, ‘बाहेर’ असं स्वतःशी म्हणायचे आणि फळीच्या मागे खडूने बरोबरची खूण करायचे. त्या दिवशीही केली. डावीकडे बाहेर, उजवीकडे बाहेर, आणि मग दोन्ही फळ्या बसवून टाकल्या.

त्याच दुपारी आमचं वाजलं. लेकीचा फोन आला होता, तिला बरं नव्हतं, आणि हे नुसतं ‘छान, छान’ म्हणत राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी तापाने फणफणलीय आणि तुम्ही छान काय म्हणता? यंत्र घाला नाहीतर फोन उचलू नका! मी वाटेल ते बोलले. हे पडदा बाजूला सारून घरी निघून गेले.

मी तशीच धुसफुसत डावी फळी बघायला गेले. कोपऱ्यात चामड्याला सुरकुती पडली होती. माझ्या कामात सुरकुती! ‘मी शिवलेलं पुन्हा उसवावं लागत नाही’ हे मी गावभर सांगत फिरणारी बाई. डिंक ओला होता तोवर फळी उतरवली, वूफरची वायर सोडवली, चामडं ओढून नीट ताणलं, वायर पुन्हा जोडली आणि फळी होती तशी बसवली. दोन्ही वायरी काळ्या, एकीवर बारीक पांढरी रेघ. रेघवाली वायर वूफरच्या वरच्या पिनेला होती की खालच्या, याचा मी क्षणभर विचार केला होता. वरच्या, असं वाटलं. वरच्या पिनेला जोडली आणि मोकळी झाले. ह्यांना सांगितलं नाही. बोलतच नव्हते मी त्यांच्याशी.

दुसऱ्या दिवशी डिंक वाळल्यावर हे गाडीत बसले. छप्पर उघडलं, गाणं लावलं, डोळे मिटले, दोन्ही तळहात मांड्यांवर. मी पडद्याजवळून बघत होते. बराच वेळ गेला. डोळे उघडले, आवाज वाढवला, पुन्हा मिटले. मग मला हाक मारली.

“अगं, इकडे ये. डाव्या बाजूला हात ठेव. वाजतोय का?”

मी बाहेरून वाकून फळीला हात लावला. धडधडत होती. कानापाशी दणका येत होता.

“वाजतोय की चांगला,” मी म्हटलं. खरंच वाजत होता.

“उजवा?”

तिकडे जाऊन बघितलं. “हाही वाजतोय.”

ते गाणं बंद करून उतरले. दोन दिवस त्या गाडीशी झटत राहिले. दारांचे स्पीकर बदलले, आणखी पट्टे चिकटवले, बटणं फिरवली. दर थोड्या वेळाने सीटवर बसायचे आणि रंग उडालेला चेहरा घेऊन उतरायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“मी सेल लावल्यावर फळी उघडली होती का कुणी? तू?”

काय झालं असतं हो, हो म्हटलं असतं तर? पण माझा राग अजून उतरला नव्हता, आणि सुरकुतीची लाज होती. वायर तर मी बरोबरच जोडलीय, मग कशाला सांगा, असंही वाटलं.

“मी कशाला उघडू? माझं शिवलेलं कधी उसवावं लागलंय का?”

त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. चामडं फाडून बघितलं नाही. मी नाही म्हटलं होतं ना, मग नाहीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना बोलावून किल्ली हातात दिली. “डॉक्टर, बायकोला ऐकू येतंय, मला येत नाही. बेसपण गेला माझा. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या.” डॉक्टर काहीतरी समजुतीचं बोलू लागले, पण हे त्यांच्या ओठांकडे बघतसुद्धा नव्हते.

तेवढ्या एका आठवड्यात ह्यांनी आपला अर्धा भाग रिकामा केला. हत्यारं पलीकडच्या रस्त्यावरच्या स्पीकरवाल्याला देऊन टाकली. पाटीवरची ‘साउंड’ ही अक्षरं स्वतः शिडी लावून रंगवून टाकली. मी म्हटलं, अहो, घाई कशाला? म्हणाले, “खोटं काम नाही करायचं.” मग माझ्याकडे बसायला लागले. चामडं धरून ठेव, सीटचा फोम काप, टाचण्या उचल. घरी गाणं लावणं बंद झालं. लेकीचा फोन आला की माझ्याकडे द्यायचे. खिशातला सेल टेबलाच्या खणात गेला. धुवायला घेतलेल्या शर्टाच्या खिशात तो लागेना, तेव्हा मी न्हाणीघरात बसून रडले.

पाच आठवड्यांनी डॉक्टर आले, चामडं फाटलेली डावी फळी घेऊन.

“वहिनी, एवढं नवीन शिवून द्या. त्या दुसऱ्याने उघडताना फाडलं. पण काय सांगू, एवढीशी गोष्ट निघाली! एका बाजूची वायर उलटी होती फक्त. दहा मिनिटांचं काम. कानवाल्यांना सांगा, बेस आता असला वाजतो, छातीत!”

मी फळी त्यांच्या हातून घेतली. फळी उलटी करून बघितली. मागे ह्यांची खडूची खूण तशीच होती.

हे चहा प्यायला घरी गेले होते. मी तशीच गेले, समोर बसले, तोंडाकडे नीट बघत सगळं सांगितलं. सुरकुती, ओला डिंक, पांढरी रेघ. तुमचे कान गेले नव्हते, मीच वायर उलटी जोडली. बेस नव्हताच, तुम्ही बरोबर ऐकत होतात.

त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मी विचारलं होतं तुला,” ते म्हणाले.

“हो.”

“तू नाही म्हणालीस.”

“हो.”

वायरीबद्दल एक अक्षर नाही. नवी फळी तयार झाल्यावर मी डॉक्टरांना गाडी घेऊन यायला सांगितलं आणि ह्यांना जबरदस्तीने आत बसवलं. छप्पर मागे गेलं, गाणं लागलं. मी दाराबाहेर उभी होते तरी माझ्या बरगड्या हलत होत्या. ह्यांनी डोळे मिटले, तळहात मांड्यांवर ठेवले. मी देवाला काय काय बोलले ते माझं मला माहीत. गाणं संपलं.

“आला ना?” मी विचारलं.

“आल्यासारखा वाटला.” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, “खरंच होता का? की माझं मन राखायला तुम्ही दोघांनी ठरवलंय?”

“अहो, शपथ घेते! होता!”

“असेल,” ते म्हणाले आणि उतरले. हत्यारं परत आणायचं मी दोनदा सुचवलं, ते नको म्हणाले. सेल अजून खणातच आहे.

आता दुकानाची बेल वाजली की ते हातातलं काम थांबवून विचारतात, “वाजली का?” मी हो म्हणते. वाजली नसली की नाही म्हणते, अगदी खरं खरं सांगते. तरी ते दरवेळी उठतात, दारापर्यंत जातात आणि उघडून बघतात.