तिसगाव ते कोल्हार, पिल्लांसकट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कोंबडी बसवली. अंगणात वीस वर्षं गंजत उभ्या असलेल्या जीपच्या ड्रायव्हर सीटवर सुभद्रानं, म्हणजे माझ्या बायकोनं, भुसा पसरला. मी कोळशानं एकेका अंड्यावर खूण केली. दुसऱ्या कोंबडीनं मध्येच अंडं घातलं तर ओळखू येतं. अंडी अकरा. विजेच्या कडकडाटानं अंडी नासू नयेत म्हणून खाली लोखंड ठेवायची आमच्याकडं रीत आहे. मी म्हणालो, "गाडी लोखंडाचीच हाय की."

"लोखंड कवाच गेलं. आता नुसता गंज हाय," असं म्हणून तिनं कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढून भुशाखाली सरकवलं. मी पाहिलं नाही. बायको काय करते ते बघायची सवय मला चाळीस वर्षांत लागली नाही.

अंडी कोल्हारची, तिच्या भावाच्या घरची. अर्धलीवर (अंडी एकाची, कोंबडी आणि सांभाळ दुसऱ्याचा, पिल्लं निम्मी निम्मी) आणलेली. "पिल्लं मोटी झाली की याच गाडीतनं द्यायला जायचं," ती म्हणाली. "एष्टीनं न्हाई. मला माहेरात गाडीतनं उतरायचंय." हे ती वीस वर्षं म्हणत होती आणि मी वीस वर्षं "व्हय, व्हय" म्हणत होतो.

सहाव्या दिवशी ती गेली. सकाळी चहा ठेवला आणि चुलीपुढंच बसून राहिली. दूध उतू गेलं म्हणून मी ओरडतच आत गेलो होतो.

दहावा झाला आणि पोरानं, दत्तानं, एक ढाबेवाला आणला. दत्ता पुण्याला कंपनीत आहे, त्याच्या ओळखी हायवेसारख्या लांब. ढाबेवाल्यानं जीपला प्रदक्षिणा घातली. "आबा, एक नंबर गंज हाय! असा गंज आता मिळत न्हाई. घासू नका हां." त्याला गाडी ढाब्यापुढं चौथऱ्यावर मांडायची होती आणि आत धोतर-टोपीतला शेतकऱ्याचा पुतळा बसवायचा होता. म्हणजे गिऱ्हाइकाला गावाकडं आल्यासारखं वाटतं.

"मलाच बसवा," मी म्हणालो. "जेवनावर राहीन."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी खात्री आहे, तो क्षणभर विचार करत होता.

दत्ता म्हणाला, "आबा, आई गेली. आता गाडी कुनासाठी ठेवायची?"

"कोंबडी बसलीय. ती उठल्याबिगर गाडी हालनार न्हाई."

मेलेल्या बाईच्या इच्छेला कुणी विचारत नव्हतं, पण खुडूक (अंडी उबवायच्या भरात आलेली) कोंबडी उठवायचं पाप घ्यायला दोघंही तयार नव्हते. ढाबेवाला म्हणाला, पुन्हा येतो. मला वेळ मिळाला.

बाजाराच्या दिवशी एष्टीनं घोडेगावला गेलो. तिथं जनावरांच्या बाजारामागं रशीदभाई मिस्तरीचं पत्र्याचं दुकान आहे. बाजारात लोक बैलाचे दात मोजत होते, शेपटी उचलून बघत होते. रशीदभाईचा सगळा जन्म त्या शेजारात गेलेला, त्यानं गाडीचीही तशीच चौकशी केली.

"किती वर्सं बसलीय?"

"वीस."

"पुढचे पाय चालतात का?" ही चारी चाकांनी ओढणारी गाडी. पुढचे पाय म्हणजे पुढची चाकं.

"चालायचे. आता म्हाईत न्हाई."

"शिटावर कोन बसतं?"

"कोंबडी."

तो हसला नाही. "मग शिटाला हात लावत न्हाई. बाकीचं बघू," म्हणाला आणि माझ्याबरोबर तिसगावला आला. तिकडून येऊन-जाऊन त्यानं दोन महिने काम केलं.

गंज घासणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. जिथं घासावं तिथं भोक. डावीकडचा पत्रा घासता घासता संपलाच. गावातली शहाणी माणसं रोज कठड्यावर बसून सल्ला द्यायची. यातल्या एकानंही कधी सायकलीची साखळी बसवलेली नव्हती. कोंबडी मात्र बोलायची नाही, सरळ टोचायची. रशीदभाईच्या बोटातून दोनदा रक्त आलं. "लई कडक मालकीन हाय," तो म्हणाला. मी म्हणालो, आधीची यापेक्षा कडक होती.

चावी काही सापडेना. ट्रंक, डबे, देव्हारा, सगळं पालथं घातलं. रशीदभाई म्हणाला, "सोडा. वायरी जोडून चालू करू." एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली. नऊ निघाली, दोन अंडी नासली. भुसा काढला तर खाली सुतळी बांधलेली चावी. मी ती खिशात घातली.

"वायरी जोडू नका," मी म्हणालो.

"का वो?"

"मालकिनीनं चावी दिलीय."

पिल्लं दोन महिन्यांची झाल्यावर मी निघालो. शेजारच्या सीटवर डालगं (कोंबड्यांची टोपली), त्यात नऊच्या नऊ. वाटणी समोरासमोर व्हावी लागते. मिरीच्या रस्त्यानं घोडेगाव गाठलं, रशीदभाईला गाडीचा आवाज ऐकवला, चहा घेतला. शिंगणापुरापाशी एक तेलवाला गाडीपुढं आडवा आला. "बाबा, शनीला तेल व्हायचं ऱ्हायलं!" मी त्याला मागचा रस्ता दाखवला. तिसगावपासून गाडीच्या तेलाची काळी धार लागली होती. तो मुकाट बाजूला झाला.

राहुरीच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. म्हणजे रस्ता नव्हता आणि पाटी होती. वळणाच्या मातीत एक पांढरी नवीकोरी गाडी रुतली होती. पाठीवर मोठ्या अक्षरात चार चाकांची बढाई लिहिलेली. मालकानं विचारलं, "काका, आता काय करायचं?" मी आत डोकावलो. "तो बारका दांडा वढा की."

"तो कशाचा असतो?"

मी माझा दांडा ओढला, पुढचे पाय जोडले, दोर लावला आणि त्याला बाहेर काढला. त्यानं माझ्या जीपचा फोटो काढला आणि म्हणाला, गंज थोडा ठेवायला पाहिजे होता.

प्रवरेचा पूल ओलांडला आणि ऊस सुरू झाला. या हिरवाईतली बाई आमच्या माळावर दिली होती. मेव्हण्याच्या दारात हॉर्न वाजवला. मेव्हणा गुडघ्यांनी अधू, बहिणीच्या मातीलाही येऊ शकला नव्हता. काठी टेकत बाहेर आला तो माझ्याकडं न येता सरळ डाव्या बाजूला गेला. तिथं डालगं.

"आक्का म्हनली हुती, गाडीतनं येईन," एवढंच बोलला.

त्याची बायको आतून भाकरतुकडा घेऊन आली. माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळून टाकतात, तसा तिनं तो डालग्यावरून ओवाळून टाकला आणि पदर तोंडाला लावला. मी टायर बघायला खाली वाकलो. टायर बरे होते.

जेवण डाळ-वांगं आणि भाकरीचं. कोंबडी केली नाही, पिल्लांदेखत बरं दिसलं नसतं. मग वाटणी. चार त्यांची, चार माझी. नवव्यावर अर्धा तास भांडण.

"तुमी न्या."

"न्हाई, तुमचं हाय."

शेवटी मेव्हण्याची बायको म्हणाली, "नववं आक्काचं. ते तिच्या घरी जाऊ द्या. आन् ही अकरा अंडी घ्या, अर्धलीवर."

"मला कोंबडी बसवता येत न्हाई. ते ती करायची."

"मग शिका. पिल्लं द्यायला यावंच लागंल तुमाला."

परत येताना अंडी भुशात घालून तिच्या सीटवर ठेवली. इतकी हळू गाडी चालवली की सायकलवाले पुढं गेले. एकही फुटलं नाही. प्रवासानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मला एवढंच कळलं, की कोल्हार चार तासांवर आहे आणि मी वीस वर्षं लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताचा फोन आला. "आबा, ढाबेवाला विचारतोय. गाडी मोकळी झाली का?"

"न्हाई," म्हणालो आणि फोन ठेवला. घरातली ठिपक्यांची कोंबडी खुडूक झाली होती. मी ड्रायव्हर सीटवर भुसा पसरला, चुलीतला कोळसा घेऊन अकरा अंड्यांवर खुणा केल्या, खिशातली चावी काढून भुशाखाली सरकवली आणि वर कोंबडी बसवली.